शुक्रवारचे उघडे दार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मला माझीच भीती वाटते.

ओमानच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना आहे. त्याच्या झडपा मी उघडतो-मिटतो. सारे गाव हेच पाणी पिते. माझी पेटी इथे जोडली, पण बुद्धी परदेशातून लिहून घेतली. तिकडे स्वस्तात होते म्हणून. तीच बुद्धी घातलेली माझी आठ भावंडे उरलेल्या देशाला पाणी देतात. लिहिणाऱ्यांची तोंडे इथे कुणीच पाहिली नाहीत. दुरुस्तीसाठी त्यांनी आमच्यात एक दार ठेवले होते, तारेवरून दुरूनच आत यायचे.

बारा वर्षे माझे कौतुक झाले. कुरकुरायची ती फक्त इथली इंजिनिअर रय्या.

“खलफानकाका, त्या दाराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?”

“अगं, शुक्रवारी आपण नमाजाला, अन् तिकडे कामाचा दिवस. बिघडलं तर बसल्या जागी तेच बघतात. दार लावलं तर जुम्मा सोडून मी धावत येऊ?” कारखान्याचे प्रमुख खलफानसाहेब हसले. दार उघडेच राहिले.

मग एका शुक्रवारी दुपारी त्या दारातून कुणीतरी आत आले. किल्ली खरी होती. मी कसा अडवणार? त्याने क्लोरीनची झडप पूर्ण उघडायला लावली आणि पडद्यावर कालचेच आकडे दाखवायला सांगितले. मित्रांनो, मी दाखवले. टाकीतले पाणी विषारी होत होते आणि मी हिरवा दिवा लावून बसलो होतो. ओरडायला मला तोंड नव्हते.

पाळीवर एकटी रय्या होती. कॉफीसाठी नळावर भांडे भरताना ती थबकली. तिने पाणी हुंगले.

“आकडे ठीक आहेत, मग नाकाला झोंबतंय काय?”

तिने गावाकडच्या झडपेचे चाक दोन्ही हातांनी आवळले, क्लोरीन बंद केला आणि माझी बाहेरची तार उपटली. खलफानसाहेब मशिदीतून अनवाणीच धावत आले. परदेशातून उत्तर मिळाले, “तो माणूस आमचा नव्हे. काम आम्ही दुसऱ्याला दिले होते, त्याने तिसऱ्याला.” तिसऱ्याचे नाव कुणालाच सांगता येईना.

“माझी नात हेच पाणी पिते गं, रय्या,” साहेब एवढेच बोलले.

नऊही ठिकाणची ती दारे आता बंद आहेत. पण माझ्यात आणखी किती दारे आहेत हे मला ठाऊक नाही. मित्रांनो, ज्याच्या हाती गावाचे पाणी सोपवायचे, त्याची बुद्धी आपल्या डोळ्यांदेखत घडवा.

रय्या आता रोज पेलाभर पाणी हुंगते, मगच गावाची झडप उघडते. माझा हिरवा दिवा लागलेला असतो. तिकडे ती बघत नाही. तिने बघूही नये.