भिंगरीला काम येतं

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायांनी चालवायची. कारखान्यात विजेच्या मशिनी आल्या आणि मालकानं मला मुलींच्या सुधारगृहात पाठवलं. दान म्हणे! भंगारवाला जास्त भाव देईना, हे खरं कारण. इथं चोऱ्यामाऱ्या करून आलेल्या पोरी माझ्यावर शिवण शिकतात.

त्यांत एक होती भिंगरी. दोन्ही पाय पेडलवर ठेवून अशी झुलवायची की म्हातारपणी मलाही गुदगुल्या व्हायच्या. भेटीला आलेल्या मावशीनं तिला बजावलं होतं, "नोकरी लागली तर ये. माझं घर धर्मशाळा नाही."

भिंगरी सगळ्यांना सांगायची, "बघाच तुम्ही. सुटले की कारखान्यात लागते."

"हो गं महाराणी, चहा द्यायला तरी आम्हाला ठेव!" पोरी खिदळायच्या. पण भिंगरीचं जमलं तर आपलंही जमेल, असं प्रत्येकीला वाटायचं. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठंय?

ती सुटली आणि थोड्याच दिवसांत परत आली. माझ्याशेजारी बसून तिनंच पोरींना सांगितलं. कारखान्यात तिला विजेच्या मशीनवर बसवलं. तिचं पेडल नुसतं हलकं दाबायचं असतं, पण सवयीनं तिनं दोन्ही पाय ठेवून झुलवायला सुरुवात केली. मशीन उधळली आणि सुई बोटातून आरपार गेली. मालकानं विचारलं, "कुठं शिकलीस हे?" वेडीनं खरं सांगितलं. त्यानं आधी स्वतःची पिशवी जवळ ओढली, मग दार दाखवलं. मावशीनं बोटाकडं पाहिलं आणि आतून कडी लावली. दोन दिवस उपाशी राहून भिंगरीनं पुन्हा चोरी केली.

पोरी पोट धरून हसल्या. त्यानंतर सुटल्यावर काय करणार, हे कुणीच कुणाला सांगेना.

शिवणबाई मात्र खूश. "आलीस? बरं झालं बाई! उद्या पाहुणे येणारेत, नीट शिवून दाखवणारी कुणी नव्हतीच."

पाहुण्यांसमोर भिंगरीनं सुजलेलं बोट आवळून सरळ शिवण घातली.

"मोठी होऊन कोण होणार, बाळ?"

"टेलर," ती म्हणाली. खालमानेनं.

टाळ्या पडल्या. पाहुणे इतके भारावले की माझ्यासारख्या आणखी चार मशिनी द्यायचं कबूल करून गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मला जपू नका. तेल घालू नका, पुसू नका, उचला आणि भंगारात फेका. मी चालतेय तोवर इथल्या प्रत्येक पोरीला वाटत राहणार, की आपल्याला काम येतं.