व्याह्याच्या मानाची मुंडी

एकाहत्तर सालची गोष्ट. वालाच्या शेताची नासधूस करणारं रानडुक्कर कामतघरच्या लडकूनं पहाटे बंदुकीनं लोळवलं, तेही नेमकं मैनेच्या हळदीच्या दिवशी! आळीत नुसता बोभाटा झाला. एकुलती एक पोर, त्यात काल्हेरचे व्याही केसरीनाथ म्हणजे भारी तोंडाळ माणूस. आता शंभर पानं मटणानं वाढता येतील म्हणून लडकू मिशीला पीळ भरत हिंडत होता.

तेवढ्यात आजारी म्हैस बघायला जनावरांचे डॉक्टर चिंतामणी आले. म्हशीला सुई टोचली आणि झाडाला टांगलेल्या डुकरापाशी येऊन उभे राहिले. "तपासल्याशिवाय चुलीवर चढवू नका," म्हणाले.

लडकूला हसूच आलं. जन्मात ज्यानं अंडं फोडलं नाही तो बामण मटण तपासणार! पण डॉक्टरांनी बाह्या सारल्या आणि लडकू बघतच राहिला. काय तो हात! काळीज, मांडी, पाठ, एकेक पातळ काप उन्हात धरून बघत होते. नाक मुरडणं नाही, घाई नाही. एवढ्या निगुतीनं तर मुरलेला खाटीकही सुरी चालवत नाही.

"इथं काही दिसत नाही. आता मुंडी द्या."

"मुंडी न्हाय कापाची, डाक्टर! अख्खी मुंडी व्याह्याच्या पुढं ठेवाची, ही आमच्या घरची रीत हाय. चिरलेली ठेवली तर माजं नाकच कापलं!"

"लडकूभाऊ, डुकराच्या मांसातले किडे जिभेत आणि जबड्यात आधी सापडतात. ते सोडून बाकी सगळं बघितलं तरी फुकट. मान तुमचा, तुम्हीच ठरवा."

लडकूनं मांडवाकडं बघितलं. मैना पाटावर बसली होती, भोवती आळीतली पोरं जेवणाची वाट बघत होती. तो जाऊन मुंडी घेऊन आला.

जीभ चिरली, तर आत भाताच्या शितांसारखे पांढरे दाणे! जबड्यातही तेच.

"एवढ्या रांधण्यात एक तुकडा कच्चा राहून पोटात गेला तरी चार-पाच हात लांब जंत होतो," डॉक्टर म्हणाले. "त्याची अंडी हाताला लागून तोंडात गेली की घरातल्या कुणाच्याही मेंदूत किडे घर करतात. मग फेफरं."

अख्खं डुक्कर खड्ड्यात गेलं, वर चुना पडला.

व्याही उष्टी हळद घेऊन आले आणि बातमी ऐकून भडकलेच. "डुकराचा गाजावाजा काल्हेरपर्यंत, आन् पानात डाळभात? आमी न्हाय बसत!" केसरीनाथ मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले, त्यांच्यामागं त्यांची माणसं. लडकू हात जोडत मागं धावला. हळद परत गेली तर पोरीचं काय?

हात धुऊन निघालेले चिंतामणी माघारी फिरले. "जेवण मी बिघडवलं," म्हणाले आणि पंगतीत पहिल्या पानावर मांडी घालून बसले. भिवंडीच्या बामणआळीतला माणूस, आगऱ्याच्या मांडवात!

"केसरीनाथराव, तुमच्या माणसांच्या जिवापायी लडकूभाऊंनी स्वतःचा मान चिरून दिला. अशा घरचा भात मी डोळे मिटून खाईन. पण तुम्ही बसल्याशिवाय घास उचलणार नाही."

पानातला भात निवत चालला. डॉक्टर हलेनात. शेवटी केसरीनाथांनी पायताण काढलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले.

लडकूनं डाळीचं पातेलं उचललं. डोळे असे भरून आले होते, की डॉक्टरांच्या पानात डाळ जरा जास्तच पडली.