उंबऱ्याची खालची बाजू

जळगावचा फ्लॅट विकून धुळ्यातलं नव्वद वर्षांचं घर विकत घ्यायचं, ही कल्पना रुपचंद नानांची नव्हती. नानांची उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपात गेली. जुन्या गाडीला रंग मारला म्हणून ती नवी होत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण सुमनबाईंनी एकदा मनावर घेतलं की नानांचं शहाणपण चार दिवसांपेक्षा जास्त टिकत नसे, आणि या वेळी तर तेवढंही टिकलं नाही.

घर तसं त्यांचं नव्हतंच कधी. धुळ्याच्या जुन्या गल्लीत पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन दोघांनी तेहतीस वर्षं काढली होती. मालक मुंबईला. पावसाळ्यात धाब्याच्या छतातून पाणी गळायचं, मालकाला पत्र टाकलं की उत्तर यायचं दिवाळीला. ज्ञानेश्वर तिथंच जन्मला, त्याच्या पाठची मयुरीही तिथंच जन्मली. आणि नऊ वर्षांची होऊन, तापाचं निमित्त होऊन, तिथूनच दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. त्यानंतरही एकवीस वर्षं दोघं त्याच खोल्यांत राहिले. नाना निवृत्त झाले तेव्हा ज्ञानेश्वर जळगावला नोकरीत होता, म्हणून फंडातून तिथं फ्लॅट घेतला. मग ज्ञानेश्वर आणि दिपमाला पुण्याला गेले, आणि चौथ्या मजल्यावर म्हातारा-म्हातारी उरली.

धुळ्याच्या त्या घराला असे दिवस येतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मालकाच्या वारसांनी ते चंदन नावाच्या तरुण बिल्डरला विकलं. हा चंदन जुनी घरं पाडत नसे. सागाचे खांब घासूनपुसून पॉलिश करायचे, भिंतींना चुन्याचा गिलावा द्यायचा, कोनाड्यांत पिवळे दिवे लावायचे, मागे चकचकीत बाथरूम काढायचं आणि पुण्या-नाशिकच्या हौशी लोकांना विकायचं, असा त्याचा धंदा. गल्लीतली तीन घरं अशी गेली होती. एकात कॉफीचं दुकान निघालं होतं. ज्या गल्लीत सोयरीक करायला लोक नाक मुरडत, तिथं आता परगावची माणसं खांबाला टेकून फोटो काढत होती.

गल्लीतल्या जुन्या शेजारणीनं ही बातमी फोनवर सांगितली आणि सुमनबाईंनी त्याच संध्याकाळी विषय काढला.

"आपलं घर इकाले काढेल शे."

"आपलं कधी व्हतं ते?" नाना म्हणाले.

"आते करानं."

नानांनी बरंच समजावलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले, दवाखाना इथं जवळ, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. सुमनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दाराकडे बोट दाखवलं. फ्लॅटच्या दाराला उंबरा नव्हताच, ग्रॅनाइटची चार बोटं रुंद पट्टी होती.

"आठ आखाज्या झाया. त्या दगडवर कुंकू टिकस का? दुपारले फडकं फिरावं का गया. आनि पितर काय लिफ्टमा बसीसन येतीन?"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी उंबऱ्याची पूजा करायची, एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर ओढायचं आणि त्यांना जेवायला बोलवायचं, ही घरची रीत. नानांना हसू आलं. त्यांच्या आईचं आणि सुमनबाईंचं हयातीत एक दिवस पटलं नव्हतं.

"मन्ही मायशी जलमभर भांडनी, आते तिन्हासाठे घर घेस?"

सुमनबाई हसल्या नाहीत. "मी आजवर काही मांगं का तुमनापाशी?" एवढंच म्हणाल्या. खरंच मागितलं नव्हतं. साडी नाही, दागिना नाही, तीर्थयात्रा नाही.

सुमनबाईंना प्रवास झेपणार नव्हता, म्हणून घर पाहायला नाना एकटेच निघाले. निघताना सुमनबाईंनी एकच गोष्ट तीनदा बजावली. "बाकी काही पाहू नका. उंबरा तोच शे का, तेवढं पाहा."

धुळ्याला जाणाऱ्या बसचा गिअरबॉक्स पारोळ्यापर्यंत कण्हत होता आणि नाना त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. गल्लीत शिरल्यावर मात्र त्या शिव्या आपोआप थांबल्या. घर ओळखू येत होतं आणि येतही नव्हतं, खेड्यातला चुलतभाऊ लग्नात कोट घालून उभा राहावा तसं. जिथं मयुरीचं अंथरूण असायचं त्या कोपऱ्यात आता पितळी कुंडी होती. नानांनी तिकडे पाठ केली.

दारात तोताराम सुतार काम करत होता. वरणगावचा माणूस, हात सोन्यासारखा. चौकटीतून उंबरा काढून त्यानं दोन विटांवर ठेवला होता. तोच उंबरा. मधे पावलांनी झिजून खोल पन्हाळ पडलेली, कडांना तेल-कुंकवानं काळपट साय चढलेली. नानांचा जीव भांड्यात पडला.

"नाना, हा फार झिजलाय," तोताराम म्हणाला. "शेठ म्हणतो नवा टाक. तुम्ही घेणार म्हणता, तर तुम्ही सांगा."

"नवा अजिबात नको. हाच पाहिजे."

"मग उलटा करतो. खाली दगड होता, वाळवी लागली नाही. खालची बाजू कोरी करकरीत आहे. आमच्यात असंच करतात, लाकूड तेच राहतं, आणखी शंभर वर्षं बघायला नको."

नानांनी विचार केला. सुमनबाईंचा नवा गुडघा, मधली ती खोल पन्हाळ, पाय मुरगळायला कितीसा वेळ? लाकूड तेच राहतं, हे तर खरंच होतं. मेकॅनिकच्या बुद्धीला ते लगेच पटलं. टायरसुद्धा फिरवून लावतात.

"कर उलटा," नाना म्हणाले.

नाना समोरच्या ओट्यावर बसून काम बघत राहिले. चांगलं काम बघायला त्यांना आवडायचं. उलटा केलेला उंबरा दगडावर सपाट बसावा म्हणून तोतारामनं त्याच्या झिजलेल्या बाजूची दोन्ही टोकं रंध्यानं बोटभर उतरवली. डाव्या टोकाकडून साल निघाली ती तांबडी होती, बराच वेळ तांबडीच निघत राहिली.

"गाभा चांगला आहे सागाचा," नाना जाणकारासारखे म्हणाले.

तोतारामनं तीन विटांची चूल मांडून त्याच सालींवर चहा ठेवला. चहा फक्कड झाला. नानांनी दोनदा घेतला.

दुपारी चंदन आला. नाशिकचं एक डॉक्टर जोडपं उद्या इसार द्यायला येतंय, नाना, तुम्ही जुने माणूस म्हणून थांबलोय, असं तो म्हणाला. बिल्डर असंच बोलतात हे नानांना कळत होतं, तरी त्यांनी तिथल्या तिथं इसार दिला. मग रस्त्यात उभं राहून सुमनबाईंना फोन लावला.

"उंबरा तोच शे ना?" पलीकडून पहिला प्रश्न.

"तोच शे. बदलू दिधा नही मी."

पलीकडे सुमनबाई रडत असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. मयुरी गेली तेव्हापासून त्यांनी बायकोला रडताना पाहिलं-ऐकलं नव्हतं. नानांचा ऊर भरून आला. जन्मात एक काम आपल्या हातून बरोबर झालं, असं त्यांना वाटलं.

फ्लॅट विकला गेला. पाचोऱ्याकडचा शेताचा वाटाही त्यात गेला. ज्ञानेश्वर फोनवर वैतागला. "लोक जुन्या घरांतून फ्लॅटमध्ये जातात आणि तुम्ही उलटे चाललात." पण शेवटी खरेदीखताच्या दिवशी तो येऊन उभा राहिला. आखाजीच्या आदल्या दिवशी सामानाचा टेम्पो गल्लीत लागला. सुमनबाई काठी टेकत उतरल्या, दारात थबकल्या, वाकून उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेल्या. संध्याकाळची वेळ, टेम्पोवाल्याची घाई, हमालांची ये-जा. त्यांनी नीट पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नहाण उरकलं, घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. गुडघा वाकत नाही म्हणून उंबऱ्याशी लाकडी चौरंग घेऊन बसल्या. वाटीत तेलात कालवलेलं कुंकू होतं. नाना आतल्या खांबाला टेकून बसले. हा सोहळा त्यांनी या घरात कधी पाहिलाच नव्हता. आखाजीला लेकी माहेरी निघतात, जादा गाड्या सुटतात, आणि वर्कशॉपवाल्यांना त्या दिवशी कधीच रजा नसे. पहाटे पाचला घर सोडावं लागे. जळगावला सुमनबाई दोन मिनिटांत उरकून घेत आणि नाना पेपरातून डोकं काढत नसत.

सुमनबाईंनी सासऱ्याचं नाव घेऊन एक बोट ओढलं. मग सासूचं, मग थोरल्या दिरांचं. कोऱ्या सागावर तांबडी बोटं उठून दिसत होती. नानांना बरं वाटलं.

मग त्या चौरंगासकट डावीकडे सरकल्या. एकदम कडेला, लाकूड चौकटीच्या आत दडतं त्या कोपऱ्याशी. करंगळी कुंकवात बुडवली आणि लाकडावर टेकवणार, तेवढ्यात थांबल्या. दुसऱ्या हातानं त्या जागेवरून बोटं फिरवू लागल्या. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी. एकदा, दोनदा, परत एकदा.

"हाऊ तो उंबरा नही," त्या म्हणाल्या.

"तोच शे व. मन्हा डोयासमोर बसाडा. फक्त उलटा करा. वरतं फार झिजेल व्हतं, तुन्हा पाय..."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची करंगळी तशीच हवेत होती.

"काय व्हतं तठे?" नानांनी विचारलं.

त्यांनी सांगितलं, ते हळू, उंबऱ्याकडे बघत सांगितलं. मयुरी गेली त्या वर्षी आखाजीला त्यांनी तिच्या नावाचं बोट ओढलं, तर सासूनं हात धरला. लहान पोर पितरांत बसत नाही, म्हणाली, आणि लेक तर नाहीच नाही. आपल्या पदरानं ते बोट पुसून टाकलं. पुढच्या वर्षी सुमनबाईंनी कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी करंगळी टेकवली. त्याच्या पुढच्या वर्षी तिथंच. एकवीस वर्षं तिथंच. तेल-कुंकू लाकडात मुरत गेलं, तिथं तांबडा डाग झाला, नखाएवढा आधी, मग रुपयाएवढा, मग खोल. आखाजीला साऱ्या गल्लीच्या लेकी माहेरी येत, झोके घेत, गाणी म्हणत. सुमनबाई येता-जाता त्या डागाला पायाचा अंगठा हळूच लावून जात.

"बठ्ठ्यास्न्या आंडेरी येतीस. मन्ही तठे येये," त्या म्हणाल्या.

एवढी वर्षं एका घरात राहून नानांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे रंध्याच्या तोंडातून तांबडी साल निघत होती, निघतच होती. विटांची चूल दिसत होती. ती साल बघून आपण काय म्हणालो तेही आठवलं, गाभा चांगला आहे सागाचा. खांब धरून ते उभे राहिले.

"मी तोतारामले बलावस," ते कसेबसे म्हणाले. "उंबरा काढू, सुलटा करू..." आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की सुलटा करून दाखवायला खाली काही उरलेलंच नाही.

सुमनबाईंनी मान हलवली. कोऱ्या कोपऱ्यावर पंजा पसरून ठेवला.

"लाकूड तेच शे ना?"

"तेच शे."

"मंग खाले शे ना ती?"

नानांनी मयुरीला दवाखान्यात शेवटच्या दिवशी असंच सांगितलं होतं. बाबा, उद्या घरी जायचं ना, तिनं विचारलं होतं, आणि त्यांनी हो म्हणून तिला थोपटलं होतं. नाना दुसऱ्या पाळीवरून घरी आल्याशिवाय ती पोर झोपायची नाही, बापाचा हात पाठीवर पडला की लगेच डोळे मिटायची. तेव्हाही तसेच मिटले होते.

"हा," नाना म्हणाले. "खालेच शे."

सुमनबाईंनी करंगळीचं कुंकू पदराला पुसलं. चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

"मंग ऱ्हाऊ द्या. बापनी झोपाडेल शे तिले. आते उठाडू नका."

काठीचा आधार घेऊन त्या उठल्या आणि पुरणपोळ्यांचं खापर तापत ठेवायला आत गेल्या. बाहेर कुणाची तरी लेक माहेरी आली होती, रिक्षातून पिशव्या उतरत होत्या. नाना बराच वेळ आतच उभे राहिले. त्यांना बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं होतं, पण मधे उंबरा होता.