हक्कसोडीची गाडी

माह्या बापाचं अकोल्याले गॅरेज होतं. बाप गेला तेव्हा दोघा भावांनी हक्कसोडीचा कागद माह्यासमोर ठेवला. बहिणीनं सही करायची, साडीचोळी घ्यायची अन् माहेर शाबूत ठेवायचं, अशी आमच्यात रीत. मी म्हटलं, साडी ठेवा तुमच्या बायकांले, मले मागच्या खोलीतल्या त्या पेट्या द्या. पेट्यांत एका गाडीचे सुटे भाग होते. सांगाडा, फायबरचं अंग, चाकं, अन् जुनं आठशे सीसीचं इंजिन. बापानं हौसेनं मागवले होते, जोडायचं राहूनच गेलं. भाऊ हसले. हसेनात का.

वलगावले सासरी आणून टिनाच्या शेडमध्ये मी ती गाडी जोडली. गॅरेजात वाढलेली पोरगी मी, पाना धरायले मले कोणी शिकवावं लागत नाई. गाडीले वर छप्पर नाई, रस्त्यावर न्यायचा परवाना नाई, म्हणून मी ती शेतातल्या शेतातच चालवो. झेंडूचे क्रेट मळ्यातून फाट्यापर्यंत न्यायचे, इतकंच काम. दिवाळीपर्यंत मस्त चालली. थंडी पडली अन् रुसून बसली.

आता माह्या भासऱ्यांचं सांगते. उत्तमराव, माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ. घरात शब्द त्यायचाच चालते, अन् माहा नवरा मनोज म्हणजे भावापुढे गरीब गाय. आपली भावजय स्टेअरिंगवर बसते अन् गाव पाहते, हे उत्तमरावांले पहिल्या दिवसापासून खुपत होतं. गाडी चालत होती तोवर बोलता येईना. थंडीनं त्यायले निमित्त देलं. शेडमध्ये ढोरायच्या चाऱ्याले तुरीचं कुटार ठेवायचं हाय, परतवाड्याचा भंगारवाला उद्या येऊन राहिला, तो यायच्या आत गाडी चालू झाली तर राहीन, नाई तर गेली, असा निरोप मनोजच्या तोंडून आला. मले इतका संताप आला की ताटावरून उठली. मनोज म्हणे, दादाले कोण सांगन. मी म्हटलं, तू तर नाईच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेडमध्ये गेली. हातपाय गारठून गेले होते, टिनावरून दव टपकून राहिलं होतं. बॅटरी बरोबर होती, इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. प्लग काढून पाहिले तर कोरडे ठणठणीत. म्हणजे ठिणगीचा दोष नाई, पेट्रोलच पुरेसं पोचून नाई राहिलं. कार्बोरेटरची वाटी खोलली, पेट्रोल काठोकाठ भरलेलं. पेट्रोल जायच्या बारीक भोकाचे जेट काढून तोंडानं फुंकले, साफ होते. पुन्हा सारं बसवलं, चावी फिरवली, तर तेच रडगाणं.

तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागं उत्तमराव, त्यायचा पोरगा नितेश, मनोज, अन् दारात जाऊबाई, अशी सारी जत्रा जमली. उत्तमराव आले ते हातात तेलाची चिंधी अन् काडीपेटी घेऊन. कडाक्याच्या थंडीत आमच्याकडे डिझेलचा जुना ट्रॅक्टर असाच चालू करतात, हवा ओढायच्या तोंडाशी चिंधी पेटवून धरतात. म्हणे शेवटचा उपाय करून पाहू, उगाच कोणी बोल लावाले नको. अन् खरंच काडी ओढली की हो त्यायनं. आताच मी पेट्रोलची वाटी खोलली होती, खाली सांडलेलं अजून वाळलं नव्हतं.

आमच्यात लहान्या भावाची बायको भासऱ्यासंग सरळ बोलत नाई. पदर घ्यायचा अन् भिंतीले सांगायचं, भिंत त्यायले सांगते. मी त्यायच्या हातातली काडी हिसकली अन् पायाखाली चुरगळली.

"भासरेबुवा, हे पेट्रोल हाय. शेड जाईन, अन् तुमी बी जासान."

मनोजचं तोंड तर पांढरं फटक पडलं. पदर खांद्यावर घसरला होता, तो मी तसाच राहू देला.

भंगारवाला दोर घेऊन पुढं आला. मी म्हटलं, थांब रे बाप्पा, अजून माहं पाहणं झालं नाई. एकच जागा राहिली होती. थंड इंजिनाले हवा कमी लागते अन् पेट्रोल जास्त, म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशी एक झडप असते, तिले चोक म्हणतात. आत बसून दांडी ओढली की झडप बंद होते. माही दांडी तर पूर्ण बाहेर येत होती, म्हणून तिच्यावर मले शकच आला नव्हता. मी जाऊबाईले म्हटलं, बाई, जराशी ही दांडी ओढून धरा. त्यायनं धरली. मी टॉर्च मारला. झडप पुरी बंद होतच नव्हती, जराशी फट राहत होती.

फटीत काय अडकलं होतं? तांदूळ. कुंकवानं माखून दगडावानी घट्ट झालेले दोन दाणे. दसऱ्याले उत्तमरावांनी ट्रॅक्टर पुजला, मोटार पुजली, अन् मोठ्या मनानं माही गाडीही पुजली होती. हवेच्या फिल्टरचं झाकण तेव्हा मी धुवाले काढलं होतं. मी तिथं नसताना त्यायनं वर झाकलेलं फडकं बाजूले सारलं अन् मूठभर अक्षदा थेट इंजिनाच्या तोंडात वाहिल्या. गरमीत चोक लागत नाई, म्हणून दिवाळीपर्यंत काही कळलं नाई.

चिमट्यानं दाणे काढले अन् साऱ्यांले दिसन असे तळहातावर ठेवले. नितेश फिसकन हसला, बापाकडं पाहून गप्प झाला. देवाच्या नावानं वाहिलेल्या अक्षदा, त्यावर रागावू नये म्हणतात. मले आला राग.

दांडी ओढली, चावी फिरवली. गाडी दोनदा खोकलली अन् पेटली. धूर, आवाज, कोंबड्या सैरावैरा. माह्या डोळ्यात पाणी आलं, अन् ते काही धुरानं नव्हतं. असा आवाज बापाच्या गॅरेजात ऐकल्यावर पुन्हा कुठी ऐकला नव्हता.

भंगारवाल्याले उत्तमरावांनी हातानंच वाटे लावलं. मले वाटलं, चला, मिटलं. पण ते गाडीच्या समोर येऊन उभे राहिले अन् नितेशले पुढं बोलावलं.

"झाली ना चालू? उतर मंग. फुलं आता नितेश नेईन. बायकायचं काम नोहे हे."

म्हणजे भंगार, कुटार, शेड, सारे बहाणे. गाडी बंद पडली याचं त्यायले दुःख नव्हतं, अन् चालू झाली याचंही नाई. ती मी चालवते, एवढंच त्यायचं दुखणं. नितेशनं चावीसाठी हात पुढं केला. मनोज चपलीकडं पाहून राहिला होता.

मी चोकची दांडी अर्धी आत ढकलली अन् पहिला गिअर टाकला.

"इंजिन थंड हाय, भासरेबुवा. उभं ठेवलं तर बंद पडन. अन् आता मी हिले बंद पडू देत नाई. सरका."

ते जागचे हालले नाईत. मी क्लच सोडत गेली, चाक एक वीत पुढं आलं, मग अजून एक. पुढचा बंपर त्यायच्या धोतराले लागला.

ते सरकले.