घंटा न वाजवणारा ठोसा

मी या हॉलमधली पंचिंग बॅग बोलतेय. मास्तरांची भाची दूरदेशी व्यायामशास्त्र शिकून परत आली, तेव्हा तिला वाटलं होतं की मामांच्या कराटेच्या क्लासात रांगेनं टांगलेल्या सात-आठ बॅगा असतील, भिंतभर आरसा असेल आणि शिकायला आसुसलेली माणसं असतील. प्रत्यक्षात तिला दिसली पोपडे आलेली भिंत, दोन चटया आणि मी. एकटी, तीही ठिगळं लावलेली.

"मामा, हिला आधी बदलायला हवं," ती म्हणाली.

"तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे ती. जरा मान देऊन बोल."

खरं आहे ते. एका तंबू शिवणाऱ्यानं मला जाड कॅनव्हासमधून बेतलं. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या आणि बारीक वाळू माझ्या पोटात ठासून भरली. पुढे वाळू खाली बसत गेली, त्यामुळे आता मी कमरेखाली दगड आणि वर उशी. मला मारताना लोक दातओठ खातात, पुटपुटतात. कुणाच्या मनात साहेब असतो, कुणाच्या मनात घरमालक. मी मनावर घेत नाही.

माझ्या मागे हातभर अंतरावर एक पितळी घंटा टांगली आहे. मास्तरांचा नियम सोपा: एका ठोशात मी झुलून घंटेवर आदळले पाहिजे. घंटा वाजली तर स्पर्धेच्या फॉर्मवर त्यांची सही. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

आता एवढ्या वर्षांत मी कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगते. घंटा वाजवायला ठोसा लागतच नाही. गोदामात पोती उचलणारा एक दादा आहे. तो सगळा भार टाकून मला असा रेटतो की घंटा खणखणते, टाळ्या पडतात. माझ्या पोटातली एक चिंधीसुद्धा हललेली नसते. खरा ठोसा येतो, आत शिरतो आणि परत जातो. मी जागच्या जागी मुडपते, फारशी झुलत नाही. पण झुलले नाही की लोकांना वाटतं, काही झालंच नाही.

भाचीनं पहिल्याच दिवशी शिकवायला घेतलं. टाच वळवा, कंबर वळवा, खांदा सैल सोडा, मूठ शेवटी आवळा, मनगट सरळ ठेवा. फळ्यावर बाण काढून ती इतकं बोलली की सगळे तिला प्रोफेसर म्हणू लागले. पोरगी मनापासून बोलत होती, पण बोलताना माझ्याकडे तिची पाठ असायची.

तिचं म्हणणं मनावर घेतलं ते लाँड्रीत काम करणाऱ्या ताईनं. ताईचं मनगट दर ठोशाला मुडपायचं. चार वर्षं ती घंटेसाठी झटत होती. या वर्षानंतर स्पर्धेत तिचं वय बसणार नव्हतं.

"ताई, ओली चादर झटकता ना तुम्ही?" प्रोफेसरनं विचारलं.

"दिवसाला दोनशे."

"मग तसाच हात टाका. पुढे नेण्यापेक्षा मागे आणायची घाई करा."

ताई हसली. "म्हणजे इथंही धुणंच."

तीन आठवडे ती रोज कामावरून यायची. मनगट सरळ झालं. टाच वळू लागली. एके दिवशी तिची मूठ माझ्या पोटात अशी शिरली की तळाची वाळू हलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चाचणीच्या संध्याकाळी गोदामवाल्या दादानं घंटा वाजवली. मग ताई आली. ठोसा सुरेख होता. मी मुडपले आणि जागेवर थांबले. घंटा गप्प.

"प्रोफेसरबाईंच्या शास्त्रानं होती तीसुद्धा ताकद गेली," कुणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले.

ताई हाताच्या पट्ट्या सोडू लागली. "तुला दोष नाही देत गं. फॉर्म उद्या दुपारपर्यंतच घेतात, एवढंच."

भाचीचा चेहरा उतरला. आपणच हिचं वाटोळं केलं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिनं आपल्या मामांकडे पाहिलं. मग कोण जाणे काय मनात आलं, घंटा बाजूला सारून ती माझ्या मागे गेली. दोन्ही हातांनी मला कवटाळून तिनं माझ्या पाठीला खांदा लावला.

"ताई, एक शेवटचा. मी धरते."

ताईनं मारला. भाचीच्या तोंडून हवा फुस्सकन बाहेर पडली. ती दोन पावलं मागे सरकली, खांदा चोळत. मग तिनं दादाला बोलावलं. दादानं जीव खाऊन रेटलं. ती पाय रोवून उभीच राहिली.

"मामा, तुम्ही एकदा धरून बघा."

"नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले आणि किल्ली घेऊन दाराशी गेले.

सकाळी दार उघडलं तेव्हा भाची पायरीवर बसलेली होती, शेजारी ताई. लाँड्री उघडायला अर्धा तास होता.

"सही मागत नाही मी," भाची म्हणाली. "मामा, फक्त खांदा लावा. एकच ठोसा. मग म्हणाल तसं."

मास्तर कुरकुरले. चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि माझ्या मागे आले. तीस वर्षं ते माझ्यासमोर उभे होते, घंटेकडे कान देऊन. मागे आज आले. ताईनं श्वास घेतला. टाच, कंबर, मूठ.

मास्तर धडपडत दोन पावलं मागे सरकले. बरगडीवर हात ठेवून त्यांनी ताईकडे पाहिलं.

"दुसऱ्यांदा नको मारूस," ते म्हणाले. "फॉर्म आणलायस का?"

ताईनं पिशवीतून घडी काढली. मास्तरांनी खिडकीतला चष्मा डोळ्यांवर चढवून सही केली. ताई लाँड्रीकडे धावतच गेली.

मग भाचीनं फळा पुसला. सगळे बाण पुसले.

"मीही तीन आठवडे नुसती बोललेच," ती म्हणाली. "एकदाही बॅग धरली नाही. मामा, आजपासून महिनाभर मी काही शिकवणार नाही. जो मारायला येईल, त्याच्यासाठी मी मागे उभी राहणार. नवा कुणी आला तर त्यानंही आधी धरायचं, मग मारायचं."

"खांदा सुजेल."

"सुजू दे."

माझी शिवण आणखी दोन ठिकाणी उसवली आहे; फार वर्षं टिकेन असं वाटत नाही. तुम्ही इकडे आलात तर मला मारा, त्यासाठीच मी आहे. पण आधी माझ्या मागच्या बाजूला या. तिथं एक मुलगी पाय रोवून उभी असेल. तिच्या शेजारी खांदा लावा.