दोन बंब, एक पायरी

कल्पना गेल्याचं कळलं त्या सकाळी उपेंद्र म्हैसाळकरांच्या हातात तेलाची बुधली होती.

बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या घरात जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरून त्यांनी बायकोचा, कल्पनाचा रोबोट त्यावर आडवा निजवला होता. वीतभर उंच, लाल रंगाचा, छातीवर काच. दुमडला की आगीचा बंब व्हायचा, उलगडला की माणूस. गुडघा वाकवला की कट-कट असा आवाज यायचा आणि तो आवाज उपेंद्रांना कित्येक महिने खटकत होता. सरकारी यंत्रकारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली होती. आवाज करणारा सांधा म्हणजे कोरडा सांधा, एवढं त्यांना झोपेतही कळत होतं. कल्पना आठव्या क्रॉसच्या गल्लीत फुलं आणायला गेली होती. ती यायच्या आत गुडघे गुळगुळीत करून तिला चकित करायचं, असा त्यांचा बेत होता.

दोन्ही गुडघ्यांत दोन-दोन थेंब सोडले आणि फोन वाजला. नंबर कल्पनाचाच होता, पण बोलत होता कुणी पुरुष, कन्नडमध्ये. हा फोन ज्यांचा आहे त्या बाई तुमच्या कोण लागतात, असं तो विचारत होता.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बासष्ट वर्षांची होती. जानेवारी महिना होता.

रोबोटचं वेड कल्पनाचं, उपेंद्रांचं नव्हे. ती राजाजीनगरच्या एका शाळेत गणित शिकवायची. पंचवीस वर्षांपूर्वी तिनं वर्गात एका मुलाच्या हातातून असलं खेळणं काढून घेतलं. शाळा सुटताना परत द्यायला गेली, तर त्या माणसाची पुन्हा गाडी होईना. मुलगा म्हणाला, "मिस, तुम्हाला जमणार नाही." झालं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःसाठी एक विकत आणलं, आणि तिथून कपाट भरत गेलं.

शेवटची दोन वर्षं मात्र तिचा जीव एकाच बंबावर होता. तिच्याकडे तो दोन प्रकारचा होता. एक, ज्या कंपनीचं ते खेळणं आहे तिनंच काढलेला. दुसरा, भलत्याच कारागिरांनी कंपनीला न विचारता आपल्या साच्यात, आपल्या डोक्यानं केलेला. त्याच्या खोक्यावर मूळ नाव छापता येत नाही, म्हणून काहीतरी तिसरंच नाव असतं. ही खेळणी जमवणारे लोक त्याला थर्ड पार्टी म्हणतात. कल्पनानं सुटसुटीत नावं ठेवली होती: कंपनीचा आणि बाहेरचा.

"नकली आहे म्हण की सरळ," उपेंद्र म्हणायचे.

"नकली कसा? तुमच्या माहेरच्या मिरजेत सतारी करतात, त्या सगळ्या एकाच घरच्या का?"

"पुरुषाला माहेर नसतं."

"असतं. दर दिवाळीला तुमचं तोंड तिकडेच वळतं."

तिनं एका वहीत दोन रकाने आखून दोघांची तुलना सुरू केली होती. अक्षर फळ्यावरचं, टपोरं. 'कंपनीचा: बावीस पावलांत बदलतो. पोकळ हात, मागून पाहिलं की दिसतं. मूठ कायमची वळलेली. पण दोन पायांवर ठाम उभा.' शेजारी: 'बाहेरचा: सदतीस पावलं. सूचना चिनी भाषेत, चित्रं मुंगीएवढी. पावलात धातू, वजनाला भारी. बोटं सुटी, नमस्कार करतो. पण बिजागरीपाशी रंग उडतो आणि अंगठ्याला चिमटा काढतो.' मग एक शेरा: 'कंपनीचा पोरांसाठी केलेला, बाहेरचा हट्टी माणसांसाठी.' सगळ्यात खाली एक चौकट होती. तिच्यावर लिहिलं होतं 'निकाल', आणि आत काहीच नव्हतं.

निकाल दसऱ्याला द्यायचा होता. कल्पना बंगळूरच्या जुन्या मराठी घरातली, त्यामुळे दसऱ्यात तिच्याकडे गोंबे मांडायचे. पायऱ्या पायऱ्यांवर बाहुल्या. सगळ्यात वर पट्टद गोंबे, म्हणजे लग्नात तिच्या अप्पांनी दिलेली लाकडी राजा-राणी. खाली वरात, वाजंत्री, आणि तांदूळ-डाळीच्या ढिगांमागे बसलेले वाणी-वाणीण, म्हणजे शेट्टी आणि शेट्टम्मा. शेट्टीच्या दुकानाशेजारी दरवर्षी कंपनीचा बंब. "दुकानाला आग लागली तर?" असं ती बघायला आलेल्यांना विचारायची. गेल्या दसऱ्याला तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "पुढच्या वर्षी दोघं शेजारी-शेजारी उभे राहतील आणि मी निकाल वाचून दाखवेन."

सप्टेंबरात उपेंद्रांनी माळ्यावरून पायऱ्यांच्या फळ्या काढल्या, तेव्हा कल्पनाची मोठी बहीण कावेरी अक्का डबा घेऊन आली होती. फळ्या बघून ती दारातच थांबली.

"हे काय काढलंत?"

"गोंबे मांडतोय."

"अय्यो! वर्ष व्हायच्या आत? आपल्यात असं करत नाहीत, उपेंद्रराव. सण नाही, गोड नाही. स्वल्प थांबा, पुढच्या वर्षी मांडा."

"पुढच्या वर्षी मी असेन याची खात्री कोण देतंय? तुमची बहीण फुलं आणायला गेली होती, अक्का."

अक्का खुर्चीत बसली. डबा मांडीवरच राहिला. "पट्टद गोंबे आमच्या अप्पानं दिलेले. जोडीचे. राणीच गेली, आता कुणाची जोडी मांडणार तुम्ही?"

"राणी कुठं गेलेली नाही. ती माळ्यावर होती. आता त्या खोक्यात आहे."

"चेष्टा करता?"

"नाही. जे आहे ते सांगतोय."

"सरी, ठीक आहे. मांडा काय मांडायचं ते. मी पाय ठेवणार नाही. आणि ती प्लास्टिकची भुतं तरी ठेवू नका."

"तीच आधी ठेवणार," उपेंद्र म्हणाले, आणि फळीवरची धूळ पुसू लागले.

बाहेरच्याला उलगडायला त्यांना अकरा दिवस लागले. कल्पनानं सदतीस पावलं मराठीत लिहून ठेवली होती, आणि मधेमधे त्यांनाच दटावल्यासारखी वाक्यं होती: 'जोर लावू नका. इथं जोर लावणारा माणूस मूर्ख.' एकोणिसाव्या पावलाला डाव्या हाताच्या अंगठ्याचं कातडं गेलं. उपेंद्रांनी त्यावर पट्टी बांधली आणि पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात केली. बाराव्या दिवशी सकाळी तो टेबलावर उभा राहिला, दोन्ही हात जोडून.

मग त्यांनी जानेवारीपासून दुमडून ठेवलेल्या कंपनीच्याला हात घातला. त्याची बावीस पावलं सोपी होती, तासाभरात झाली. उभा केला तर तो हळूच गुडघ्यात वाकला आणि बसकण मारली. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. कट-कट आवाजही आता येत नव्हता.

त्यांनी प्रणीतला बोलावलं. प्रणीत सॉफ्टवेअरवाला, सर्जापूर रोडला राहणारा. कल्पनाच्या खेळणीवाल्या मंडळींपैकी. रविवारी आला, भिंगातून गुडघा पाहिला आणि विचारलं, "अंकल, याला काही लावलं होतं का?"

"मशीनचं तेल. जानेवारीत."

प्रणीतनं डोळे मिटले. "हे सांधे घट्ट बसतात म्हणून उभे राहतात. तेल घातलं की घसरतात. तो कट-कट आवाज यायलाच हवा होता, आत दाते असतात. सैल झाले तर कल्पनाअक्का पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्यायच्या."

कल्पनाच्या खणात नेलपॉलिशची बाटली होती. जन्मात नखं न रंगवलेल्या बाईला ती कशाला, असं उपेंद्रांना इतके महिने वाटत होतं. आता कळलं.

"मग लावू या," ते म्हणाले.

"आता उपयोग नाही. तेलानं प्लास्टिकला चीर गेलीय. ही बघा."

उपेंद्रांनी भिंग घेतलं. केसासारखी चीर होती, दोन्ही गुडघ्यांना. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चिरा शोधल्या होत्या. ही त्यांची स्वतःची होती.

संध्याकाळी मुलगा ईशान आला. त्यानं ऐकून घेतलं आणि लगेच फोन काढला. "बाबा, टेन्शन घेऊ नका. सेम मॉडेल आहे, दोन दिवसांत घरी येईल. तो ठेवा. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल."

"आणि दसरा झाला की कंपनीचा मी घेऊन जातो. काचेच्या कपाटात ठेवतो, आईची आठवण म्हणून. तो दुसरा कुणाला तरी देऊन टाका. शेवटी ओरिजिनल तो ओरिजिनल."

"कुठला ओरिजिनल? जो उद्या खोक्यातून येणार आहे तो?"

ईशाननं फोन खाली ठेवला.

"नमुना पास होत नाही म्हणून नमुनाच बदलायचा, असं करणारे लोक आमच्याकडे होते," उपेंद्र म्हणाले. "त्यांच्याशी मी जेवायच्या सुट्टीतही बोलायचो नाही. दोघं याच घरात राहतील. एकत्र."

"पण बाबा, हे खेळणं आहे!"

"म्हणून तर. यंत्र असतं तर बदलून टाकलं असतं."

"मग टेकू लावा मागून. काडी, तार, काहीतरी."

"टेकू नाही. नवा नाही. तो जसा आहे तसा बसेल."

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी पायऱ्या लागल्या. पाच पायऱ्या, वर पांढरं कापड, कल्पना घडी घालायची तशीच घडी. राजा-राणी वर. शेट्टी-शेट्टम्मासमोर तांदूळ आणि डाळ. त्यांच्या शेजारी बाहेरचा, हात जोडून उभा. त्याच्या बाजूला कंपनीचा, पाय पसरून बसलेला. शेट्टीच्या दुकानात उधारी मागायला आल्यासारखा दिसत होता.

मग उपेंद्रांनी खणातून एक लाल चिठ्ठी काढली. कारखान्यात नापास झालेल्या भागाला अशी चिठ्ठी दोऱ्यानं बांधतात; त्यावर दोष, कारण आणि सही. निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरताना एक गठ्ठा चुकून घरी आला होता. त्यांनी लिहिलं: 'दोष: दोन्ही गुडघे. कारण: यंत्राचं तेल. तेल घालणारा: उपेंद्र म्हैसाळकर.' सही केली, तारीख घातली आणि चिठ्ठी कंपनीच्याच्या मनगटाला बांधली.

संध्याकाळी लोक आले. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं, पण दार उघडं ठेवलं होतं आणि मल्लेश्वरममध्ये तेवढं पुरतं. शेजारणी आल्या, प्रणीत आला, ईशान आला. सातच्या सुमाराला कावेरी अक्काही आली. उंबऱ्यावर थोडी थांबली, मग चपला काढल्या.

"पाय ठेवणार नव्हतात," उपेंद्र म्हणाले.

"राणीची साडी तुम्हाला नेसवता येणार नाही म्हणून आले. बघा, पदर उलटा काढलाय."

तिनं वर हात पोचवून राणीचा पदर सारखा केला. हात खाली घेताना लाल चिठ्ठी दिसली. चष्मा लावून तिनं ती वाचली, पुन्हा वाचली.

"तुम्ही केलंत हे?"

"हो. ज्या सकाळी ती गेली त्या सकाळी."

"मग असं लिहून चारचौघांत टांगायचं कशाला? गप्प बसायचं ना. कल्पनाला तरी कुठं ठाऊक होतं?"

"तिला सांगायचं राहिलं, म्हणून इथं लिहिलं. लोक बघतील आणि बोलतील. बोलू देत. ही पायरी तिची आहे. इथं खोटं उभं राहणार नाही."

एक शेजारीण दुसरीला हळूच काहीतरी म्हणाली. उपेंद्रांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. तिनं प्रसादाची वाटी उचलली.

प्रणीतनं घसा साफ केला. "अंकल, कल्पनाअक्का निकाल वाचणार होत्या."

उपेंद्रांनी वही आणली आणि मोठ्यानं वाचली. बावीस पावलं, सदतीस पावलं, पोकळ हात, अंगठ्याचा चिमटा. हट्टी माणसांच्या शेऱ्याला अक्का हसली, आणि मग तिनं डोळ्यांना पदर लावला. वाचता वाचता ते चौकटीपाशी आले आणि थांबले.

"मग जिंकला बाहेरचाच ना?" ईशान म्हणाला. "तो उभा तरी आहे."

"पाय मोडलेल्याशी शर्यत लावून जिंकला म्हणायचं?"

"गुडघा नवा करता येईल," प्रणीत म्हणाला. "तुमचे ते कल्लाप्पा आहेत ना, राजाजीनगरचे, लेथवाले? पितळेचा करून देतील."

"मी त्यांना विचारलंय. ते देतील. पण मग तो कंपनीचा राहत नाही. अर्धा कंपनीचा, अर्धा आमचा. मग तुलना कुणाची कुणाशी?"

"मग निकाल काय लिहायचा, बाबा?"

"एक नमुना तपासणाऱ्यानंच बिघडवला. असं झालं की निकाल देता येत नाही. आम्ही कधी दिला नाही. साहेब टेबलाशी उभे राहिले तरी दिला नाही."

"आईनं दिला असता," ईशान हळू म्हणाला.

"तिनं दिला असता. तिला अधिकार होता."

अक्कानं शेट्टीसमोरचे विखुरलेले तांदूळ बोटानं एकत्र केले. मग बसलेल्या बंबाला उचलून शेट्टीच्या जरा जवळ सरकवलं, म्हणजे चिठ्ठी सगळ्यांना नीट दिसेल. "नऊ दिवस ठेवणार ना?" तिनं विचारलं.

"दहा. दसऱ्यापर्यंत."

"सरी. उद्या मी डाळीची कोसंबरी घेऊन येते. तुमच्या हातची कुणी खाणार नाही."

दसरा झाला. राजा-राणी कापडात गुंडाळून खोक्यात गेले, फळ्या माळ्यावर गेल्या. बाहेरचा आणि कंपनीचा दोघंही कपाटात शेजारी-शेजारी आहेत, लाल चिठ्ठीसकट. कल्लाप्पांना पितळेचे गुडघे करायला अजून सांगितलेलं नाही. वहीतली निकालाची चौकट भरायची राहिली आहे.