आडवं पाजलेलं दूध

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बाटली आहे. काचेची, अंगावर मापाच्या लाल रेघा असलेली. माझं रबरी निपल कधीच फाटलं. आता मी खिडकीत पडून असते. पण एका लेकराच्या कानाचं दुखणं माझ्या डोळ्यांदेखत वाढलं आणि त्यात माझाही वाटा होता, म्हणून ही हकिगत मीच सांगायला हवी.

भट्टीतून निघाले, दुकानात चार दिवस मिरवले आणि या दोन खोल्यांच्या घरात आले. घरात तान्ही मुलगी होती. तिची आई पावाच्या कारखान्यात जाई, वडील गॅरेजमध्ये. दिवसभर तिला सांभाळायची ती आत्या. आत्या घरी बसून शर्टांना बटणं लावायची, म्हणून पोरीचं नावही बटणच पडलं.

आत्याचे दोन्ही हात सुईदोऱ्यात गुंतलेले. मग ती बटणला चटईवर उताणी निजवी, माझ्याखाली फडक्याची घडी ठेवी आणि मला तिच्या तोंडात देई. लेकरू पिता पिता झोपून जाई. शेजारणी म्हणत, बाटली मोठी गुणाची आहे हो. मी फुशारून जाई.

मग बटणला सर्दी धरली. वडील कामावरून आले की खोलीतच सिगारेट ओढत. त्या धुराने तिचं नाक आणखी चोंदे. ती मला दोन घोट ओढून झिडकारू लागली. डावा कान ओरबाडायची, आडवं केलं की किंचाळायची. आत्याला वाटलं, दात येताहेत. तिने कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडले. तिसऱ्या दिवशी दुपारी कानातून पिवळट पू वाहिला आणि रडणं एकाएकी थांबलं. सगळ्यांना हायसं वाटलं. आत्याने कान पुसला आणि मला पुन्हा भरलं.

वर्षभरात असं चारदा झालं. दोन वर्षांची झाली तरी बटण तीनच शब्द बोले. शेवटी आई आणि आत्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. पिशवीत मीही होते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि दूध कसं पाजता, असं विचारलं. आत्याने पोरीला बाकावर उताणी ठेवून मोठ्या हौसेने दाखवलं.

बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या मागून कानाच्या पडद्याआड एक बारीक नळी जाते. मोठ्यांची कानाकडून नाकाकडे उतरती असते, लहानांची आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजून बंद होते, धुराने आणखी. उताण्या बाळाचं दूधही तिच्यात शिरू शकतं. मग पडद्याआड पाणी साचतं, त्याचा पू होतो आणि ताण असह्य झाला की पडदा फुटतो. फुटला की ठणका थांबतो. बहुतेकांचं ते भोक आपोआप बुजतं. बटणचं बुजलं नव्हतं.

"म्हणजे माझ्यामुळे झालं हे?" आत्याने विचारलं.

"एकट्या कशानं होत नाही, ताई," बाई म्हणाल्या. "पण पहिल्यांदा कान दुखला तेव्हाच यायला हवं होतं."

औषधं सुरू झाली. वडिलांनी सिगारेट सोडली. बटण हळूहळू बोलू लागली. पण उजव्या कानाने तिला थोडं कमी ऐकू येतं, डाव्याने फारच कमी. आत्याने मला पुन्हा हात लावला नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरात धाकटं भावंड असेल तर त्याला मांडीवर घेऊन, डोकं उंच धरून दूध पाजायला सांगा. त्याच्याजवळ धूर नको, दुखऱ्या कानात तेल नको. आणि ते कान ओढून रडलं, तर डॉक्टरांकडे नेण्याचा हट्ट धरा.

एवढं सांगून थांबणार होते, पण परवाची संध्याकाळ मनातून जात नाही. अंगणात मुलं लपाछपी खेळत होती. बटण पाण्याच्या पिंपामागे लपली. थोड्या वेळाने मुलांनी डाव मोडला, तिला दोन-तीन हाका मारल्या आणि सगळी आपापल्या घरी निघून गेली. खिडकीतून मला पिंपामागची बटण दिसत होती, पण मी कसली हाक मारणार? अंधारून आलं तेव्हा आत्या शोधत आली आणि तिने बटणच्या खांद्यावर हात ठेवला.

बटणने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल, आत्या. अजून कोणाला मी सापडले नाही."

 पदर सावरून आत्याही पिंपामागे, बटणच्या उजव्या बाजूला बसली.